मॉरिशसची वीज आणि आपलं चिपाड

प्रेषक: वैशाली, पोर्ट लुई
प्रति: सर्व सभासद

मंडळी, नमस्कार.

यंदाच्या चर्चासत्राला इथल्या विजेचा विषय घ्यायचं ठरलंय. 2030 पर्यंत 60 टक्के वीज अक्षय स्रोतांतून घ्यायची आणि कोळसा बंद करायचा, असं इथल्या सरकारने 2021 मध्ये जाहीर केलं होतं. आज हा वाटा पाचव्या हिश्श्याच्या आसपास आहे. बाकी सगळं जड तेल आणि कोळसा, तेही जहाजाने येणारं. 2016 साली आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. बाहेरून येणाऱ्या वस्तूवर गाव जगतं तेव्हा जिवाला किती घोर लागतो, हे ज्यांनी ते दिवस काढले त्यांना सांगायला नको.

आपल्यातले बरेच जण म्हणतात, ऊन भरपूर आहे, सौर पॅनेल लावा, प्रश्न मिटला. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे नीट मांडता येत नाही. अण्णा, तुम्ही अंबाजोगाईहून आपल्या मेल वाचता आणि तुमची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या को-जनवर, म्हणजे चिपाड जाळून वाफ आणि वीज करण्यावर, गेली. तुम्ही लिहाल का?

वैशाली

---

प्रेषक: अण्णा, अंबाजोगाई

चि. वैशालीस आशीर्वाद.

उसापासूनच सुरुवात करतो. एक टन ऊस गाळला की पावणेतीनशे-तीनशे किलो बगॅस, म्हणजे चिपाड, निघतं, त्यात निम्मं पाणी. जुन्या कमी दाबाच्या बॉयलरमध्ये ते जाळलं तर कारखान्यापुरती वाफ मिळते आणि संपलं. तेच जास्त दाबाच्या बॉयलरमध्ये घातलं तर कारखाना चालून वर टनामागे शंभराहून जास्त युनिट ग्रिडला, म्हणजे विजेच्या सार्वजनिक जाळ्याला, देता येतात. मॉरिशसने हे फार लवकर ओळखलं. तिथल्या सेंट अँटॉइन कारखान्याने 1957 मध्येच ग्रिडला वीज विकली होती. पुढे 2000 साली बेल व्ह्यूला 70 मेगावॅटचा प्रकल्प उभा राहिला. त्या मानाने आपल्याकडच्या कारखान्यांनी फार उशिरा हे अंगावर घेतलं.

आता अडचण कुठे आहे ते सांगतो. तुमचा गळीत हंगाम जून ते डिसेंबर. विजेची मागणी सगळ्यात जास्त चढते ती जानेवारी ते मार्चच्या तिथल्या उन्हाळ्यात, म्हणजे बगॅस संपल्यावर. मग त्याच बॉयलरमध्ये कोळसा पडतो. आपल्याकडे मोळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात पडते आणि नेमक्या त्याच दिवसांत रब्बीचे पंप सुरू होतात, त्यामुळे को-जनची वीज वेळेवर कामाला येते. म्हणून मेगावॅट किती बसवले यापेक्षा ती वीज कोणत्या महिन्यात आणि कोणत्या तासाला मिळणार, हे आधी विचारायला पाहिजे.

दुसरं म्हणजे ऊसच घटतोय. सत्तरच्या दशकात तिथे वर्षाला सात लाख टन साखर व्हायची, आता अडीच लाखाच्याही खाली. युरोपने 2006 ते 2009 मध्ये साखरेचा भाव 36 टक्क्यांनी उतरवला आणि छोट्या शेतकऱ्यांनी रानं पडीक टाकली. ऊस नाही तर बगॅस कुठून येणार?

अण्णा

---

प्रेषक: रोहित, क्युरपीप (मूळ परभणी)

अण्णा, नमस्कार.

म्हणूनच माझा भर सौर आणि बॅटरीवर आहे. अमॉरीच्या उपकेंद्रात 14 मेगावॅटची बॅटरी बसलेली आहे. रॉड्रिग्ज बेटावर तर वादळाआधी आडव्या करून ठेवता येतात अशा पवनचक्क्या आहेत. ऊस कमी होणारच आहे, तर त्याच्यामागे किती दिवस धावायचं? पडीक रानात पॅनेल लावले तर काय बिघडलं?

---

प्रेषक: अण्णा, अंबाजोगाई

रोहित, पॅनेल लावाच, माझी ना नाही. पण बॅटरीकडून काय काम होतं ते बघ. ढग आला आणि सौर वीज एकदम पडली की ग्रिडची फ्रिक्वेन्सी, म्हणजे विजेची सेकंदाची आवर्तनं, सावरायची, हे तिचं काम. सबंध संध्याकाळ ओढायची तर बॅटऱ्या कितीतरी पटीने लागतील. इथे परळीचं केंद्र 2015 मध्ये पाण्याअभावी बंद पडलं तरी मराठवाडा अंधारात गेला नाही, कारण देशाच्या ग्रिडमधून वीज आली. बेटाला तसा शेजारी नाही. फिरता, वजनदार टर्बाइन चालू असला की ग्रिडला जो आधार मिळतो, तो पॅनेल आपोआप देत नाही. बगॅसचा टर्बाइन देतो, म्हणून मला तो टिकायला हवाय. उन्हाळ्याची खिंड भरायला पाचटाच्या गाठी बांधून ठेवता येतील. सगळं पाचट मात्र उचलू नये, थोडं रानात राहिलं तर ओल टिकते.

हे वाचून आपल्या भागात कुणी आणखी ऊस लावू म्हणू नये. तिथे सरासरी दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या रानाला तेवढं पाणी कुठलं?

अण्णा

---

प्रेषक: वैशाली, पोर्ट लुई

अण्णा, रोहित, दोघांचेही आभार. मला वाटतं चर्चासत्रात पहिलं सत्र ऊस लावणाऱ्या छोट्या शेतकऱ्यांचं असावं. बगॅसच्या विजेत आमचा वाटा किती, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा प्रश्न आहे, आणि तो हिशेब त्यांच्या पदरात पडेल असा लागला नाही तर ते ऊस ठेवणार नाहीत. रोहित, बॅटरीचं सत्र तू घे. अण्णा, तुम्ही व्हिडिओवरून बोलाल ना? भारतातली दुपार धरते, इथली घड्याळं दीड तासाने मागे आहेत.

---

प्रेषक: अण्णा, अंबाजोगाई

बोलतो. पण आधी शेतकऱ्यांचं ऐकू द्या, मला त्यांच्यानंतर ठेवा. आणि त्यांना टनामागे बगॅसचे किती पैसे मिळतात तो आकडा आधी कळवा, त्याशिवाय माझा हिशेब मांडता येणार नाही.