मदत हवी आहे: मुलाला सारखी गळवं येतायत, प्रतिकारशक्ती कमी असेल का?

सिडकोची_आई
नाशिकमधला चांगला त्वचारोगतज्ज्ञ सुचवा. मुलाला परत गळू आलंय. अँटिबायोटिकचा कोर्स संपला की दुसरीकडे हजर. सासूबाई म्हणतात उष्णता आहे. सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) नॉर्मल. प्रतिकारशक्ती वाढवायला काय देऊ? लवकर सांगा, शाळेतून घरी पाठवलंय.

तर्री_कमी
वय? गळवं कुठे येतात? ताप असतो का? काहीच लिहिलं नाही तर सांगायचं काय?

गोदाकाठ
कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्याने अंघोळ, आंबे बंद, रोज च्यवनप्राश. आमच्या दोन्ही मुलांची यानेच गेली.

रात्रपाळी
बालरोग वॉर्डात नर्स आहे म्हणून लिहिते. ताई, घाबरू नका, सारखी गळवं येणाऱ्या बहुतेक मुलांची प्रतिकारशक्ती ठीकच असते. स्टॅफ नावाचा जंतू घरातल्याच कुणाच्या तरी नाकात मुक्कामाला असतो आणि टॉवेल, उशी, नखं यांतून फिरत राहतो. खरूज किंवा एक्झिमा असेल तर खाजवून आणखी वाढतं. पू कल्चरला, म्हणजे कुठला जंतू आहे ते तपासायला, पाठवला होता का? घरात अजून कोणाला येतात? मेडिकलमधून स्वतःहून आणलेलं स्टेरॉइडवालं मलम लावत नाही ना?

सिडकोची_आई
चार वर्षांचा आहे. मांडी, मान, आता पाठ. घरात कोणालाच नाही. कल्चर केलं नाही. मलम डॉक्टरांनीच दिलंय. कडुलिंब करून झाला. नाव सांगा ना कोणीतरी!

इंदिरानगरकर
पाणी कुठलं वापरता? माझ्या मुलीचे केस फार गळायचे, आरओ बसवला आणि थांबले.

तर्री_कमी
केसांचं कोणी विचारलं?

गोदाकाठ
यांना सगळीकडे जंतूच दिसतात. आमच्या लहानपणी कुठे होतं कल्चर?

रात्रपाळी
काका, तो वाद नंतर घालू. ताई, कधी ॲडमिट करून शिरेतून औषध द्यावं लागलं होतं का? न्यूमोनिया? गाठ पिकली होती? वजन वाढतंय?

सिडकोची_आई
न्यूमोनिया झाला होता, तेव्हा ॲडमिट होता. नंतर मानेतली गाठ पिकली, चिरा दिला. तान्हा असताना बीसीजीची लस दिली त्या बाजूच्या काखेत गाठ येऊन फुटली होती. वजन पहिल्यापासून कमीच. पण ते सगळं बरं झालंय, गळवांशी त्याचा काय संबंध?

रात्रपाळी
संबंध असू शकतो. यातली एखादी गोष्ट कुठल्याही मुलाला होते, बीसीजीची गाठसुद्धा. पण एकाच मुलाला हे सगळं झालंय म्हटल्यावर नुसता त्वचारोगतज्ज्ञ पुरणार नाही. बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि हे सगळं तारखांसकट कागदावर लिहून न्या. सीबीसीवर थांबू नका. त्यात पांढऱ्या पेशी मोजतात, त्या जंतू मारतात का ते कळत नाही. त्यासाठी डीएचआर नावाची तपासणी असते. सोबत इम्युनोग्लोब्युलिन (रक्तातली जंतूंशी लढणारी प्रथिनं), साखर, एचआयव्ही. क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज नावाच्या आजारात पेशींची संख्या नॉर्मल येऊनही असंच होतं. तोच आहे असं मी म्हणत नाहीये. त्याचा नेहमीचा प्रकार आईकडून मुलग्याला येतो, म्हणून विचारते, माहेरी कोणी मुलगा लहानपणी गेलाय का?

सिडकोची_आई
माझा भाऊ. दोन वर्षांचाही नव्हता. न्यूमोनिया म्हणाले होते.

रात्रपाळी
मग हे डॉक्टरांना सगळ्यात आधी सांगा. निदान झालं तर रोजच्या प्रतिबंधक औषधांनी पुष्कळ आवरता येतं, काहींना बोनमॅरो ट्रान्सप्लांट करतात. आणि आज ताप असेल तर वाट बघू नका, दाखवा.

तर्री_कमी
मुंबईला पाठवलं तर परळचं वाडिया हॉस्पिटल मुलांचंच आहे. जवळच केईएम हॉस्पिटलमध्ये आयसीएमआरची (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषद) इम्युनोहिमॅटॉलॉजीची, म्हणजे रक्त आणि प्रतिकारशक्तीच्या आजारांची, संस्था आहे, तिथे या तपासण्या होतात. सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडा, दादरला उतरा.

रात्रपाळी
हो, पण डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आणि आधी फोन करून. डीएचआरला रक्त ताजं लागतं, कुठल्या वारी घेतात ते विचारून घ्या.

सिडकोची_आई
आत्ता ९९.५ आहे. संध्याकाळची अपॉइंटमेंट घेतली, बालरोगवाल्यांचीच. च्यवनप्राश चालू ठेवू का?

रात्रपाळी
खात असेल तर खाऊ दे. त्याच्यावर विसंबू नका एवढंच.

गोदाकाठ
बघा, मी तेच म्हणत होतो.

इंदिरानगरकर
पंचवटीचं रिझर्वेशन मिळतंय का सध्या? नाहीतर कसाऱ्यापर्यंत गाडीने जा, पुढे लोकल.

तर्री_कमी
आजारी पोराला घेऊन कसारा लोकल? काहीही.