कस्टम स्टील रोड बाइक: ट्यूबचं नाव आधी की टायरची जागा?

चढण_उतार (धागाकर्ता)

परवा इथे कस्टम स्टील फ्रेमवर दुसऱ्या एका सभासदाचा लेख आला, त्याला इतकी शाबासकी मिळाली की राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. ज्यांच्या नजरेतून सुटला त्यांच्यासाठी सार: स्टीलची फ्रेम बांधून घ्यायची तर रेनॉल्ड्स कंपनीची 853 ट्यूब मागा, इलेक्ट्रॉनिक गिअर घ्या, सगळ्या केबली हेडसेटमधून (हँडल ज्या बेअरिंगवर फिरतं तिथून) आत घाला, टायर 28 मिमीचे, फोर्क कार्बनचा. भूमिती, म्हणजे फ्रेमची मापं आणि कोन, बिल्डर बघून घेईल.

ज्या एका गोष्टीसाठी माणूस कस्टमच्या वाटेला जातो ती बिल्डरवर सोडायची आणि स्टिकर तेवढा आपण निवडायचा, हे मला पटत नाही.

रेनॉल्ड्सची 531 असो, 725 असो की 853, स्टीलचा मूळ ताठरपणा जवळपास तोच, साधारण 200 ते 210 गिगापास्कल. भारी ट्यूब जास्त मजबूत असते, म्हणून ती पातळ करता येते, म्हणून फ्रेम थोडी हलकी होते. गाडी पायाखाली कशी वाटेल ते ठरतं व्यासावर आणि जाडीवर. डाउनट्यूब (हँडलपासून पॅडलपर्यंतची तिरकी नळी) 28.6 ऐवजी 31.8 मिमीची घेतली आणि जाडी तीच ठेवली, तर वाकण्याला होणारा विरोध सुमारे 37 टक्क्यांनी वाढतो. त्यामुळे बिल्डरला आपलं वजन सांगा, सामान किती नेता ते सांगा, चढावर उभे राहता की बसून चढता ते सांगा. त्यावरून ट्यूब त्याला निवडू द्या.

माझा क्रम असा: टायरची जागा, बसण, गिअर, ब्रेक आणि सगळ्यात शेवटी ट्यूब. 32 चा टायर आणि त्यावर मडगार्ड बसेल एवढी जागा मागा. गिअर पुढच्या वर्षी बदलता येतील, चेनस्टेमधली, म्हणजे मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या आडव्या नळ्यांमधली, जागा बदलता येणार नाही. बॉटम ब्रॅकेट (क्रँक ज्यावर फिरतो ते बेअरिंग) आट्यांचाच घ्या, 68 मिमीचा, म्हणजे आयुष्यभर सुटे भाग मिळतील. आणि पुढे 50/34 दातांच्या आणि मागे 11-34 दातांच्या चकत्यांवर समाधान मानू नका. 34 ला 34 म्हणजे एकास एक. मिनिटाला 60 फेऱ्या मारल्या तरी ताशी साडेसात किलोमीटर. बीआरएमच्या (ठरलेल्या वेळेत पुरी करायची 200 ते 600 किलोमीटरची राइड) शेवटच्या टप्प्यात, सामानासकट पसरणी चढताना, त्या 60 फेऱ्या पाय देत नाहीत. पुढे 46/30 घ्या.

हलकं_लोखंड

तो लेख माझा आहे, त्यामुळे उत्तर देणं भाग आहे.

गिगापास्कलचा हिशोब मलाही माहीत आहे. पण व्यास वाढवून जाडी तीच ठेवली तर वजनही वाढतं, हे तुम्ही सोयीस्करपणे गाळलंत. मोठा व्यास आणि पातळ भिंत हे दोन्ही एकत्र हवं असेल तर मजबूत पोलाद लागतंच. 853 वेल्ड झाल्यावर हवेत थंड होताना सांध्याजवळ उलट कणखर होतं. 1995 साली ते आलं तेव्हा त्याचं कौतुक झालं ते याचसाठी. हा नुसता स्टिकर नव्हे.

आणि सगळेच काही 600 किलोमीटर करत नाहीत. मी रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन नाश्त्याला घरी येतो. मला मडगार्ड कशाला? मला देखणी, सडसडीत गाडी हवी आहे आणि माझ्या पैशाने हवी आहे.

ओला_रिम

ब्रेकवर दोघेही बोलत नाही आहात. स्टीलच्या फ्रेमला रिम ब्रेकच, म्हणजे चाकाच्या कडेला पकडणारेच, शोभतात. 47-57 मापाचे कॅलिपर घेतले तर 28 चा टायर मडगार्डसकट बसतो. डिस्क ब्रेक घेतले की फोर्क आणि डावा चेनस्टे जाड करावा लागतो. मग स्टीलची ती लवचीक चाल कुठे राहिली?

चढण_उतार

पावसात ताम्हिणी उतरून बघा. ओल्या रिमवर पहिले दोन-तीन फेरे ब्रेक लागतच नाही, आणि लाल मातीची रेव पॅडमध्ये अडकून रिम खरवडते. शिमानोने आपल्या 105 या गिअरसंचाची 12 गिअरची मालिका फक्त डिस्कसाठी काढली. पुढच्या वीस वर्षांची फ्रेम बांधताना याचाही विचार हवा.

अजिंक्यतारा_पायथा

तुमचं चालू द्या, पण स्टीलचा खरा फायदा कुणी सांगितलाच नाही. स्टील कुठंही वेल्ड होतं! कार्बन तुटला की टेम्पो बोलवायचा. स्टील तुटलं की पुढच्या गावातला ग्रिलवाला दहा मिनिटांत जोडून देतो. मी तर साधं 4130 पोलाद घेईन, जाड, लगेच जोडता येणारं.

भोसरी_टूलरूम

हे वाक्य ऐकून ऐकून कान किटले, आज उत्तर देतोच.

चांगल्या बटेड (टोकांना जाड, मध्ये पातळ) ट्यूबची मधली जाडी अर्धा मिमी असते, टोकांना 0.8. गेट-ग्रिल जोडणारा माणूस 3.15 मिमीची वेल्डिंगची कांडी वापरतो, ती अँगल आणि चौकोनी पाइपसाठी. अर्ध्या मिमीवर ती टेकवली की भोक पडतं. भोक बुजवायला तो आणखी धातू ओततो, भोवतालचा भाग जळतो, आणि चार दिवसांनी तडा त्या डागाच्या शेजारून जातो. जिथे गाडी तुमच्या अंगाखाली तुटू शकते तिथे "कुठंही वेल्ड होतं" असं नवख्यांना सांगू नका. 531 तर मुळात झाळण्यासाठी (ट्यूब न वितळवता पितळेसारख्या धातूने जोडण्यासाठी) आहे, वेल्डसाठी नाहीच.

अजिंक्यतारा_पायथा

साहेब, तुम्ही टूलरूममध्ये बसून बोलताय. माझा मागचा ड्रॉपआउट (चाकाचा आस बसतो ती पट्टी) कोल्हापूरच्या अलीकडे रात्री तुटला. हायवेवरच्या ट्रकच्या गॅरेजात एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं जोडून दिला, पैसे पण घेतले नाहीत, वर चहा पाजला. त्याच गाडीवर वेळेत पोचलो. आज दोन पावसाळे झाले, जोड तसाच आहे. तुमचे मिलीमीटर तुमच्याजवळ ठेवा.

भोसरी_टूलरूम

ड्रॉपआउट! म्हणजे जाड पट्टी. तिथे कांडी चालणारच. त्यावरून तुम्ही अख्ख्या फ्रेमचा नियम काढलात. माझ्या चुलतभावाची डाउनट्यूब अशीच एका गॅरेजात "जोडली" होती. बोपदेव उतरताना परत तुटली, खांदा निखळला. त्याला कुणी चहा पाजला नाही.

अजिंक्यतारा_पायथा

भावाचं ऐकून वाईट वाटलं, खरंच. पण तुम्ही माझ्या मिस्त्रीला अडाणी ठरवलंत ते मी ऐकून घेणार नाही. तो माणूस सकाळी उठून तुमच्यासारख्यांचेच ट्रक उभे करतो.

भोसरी_टूलरूम

मिस्त्रीला एक शब्द बोललो नाही. त्याच्या हातात चुकीचं हत्यार होतं एवढंच म्हणतोय. वाटेत मुख्य ट्यूब गेलीच, तर गॅसवर पितळेची झाळ देणारा शोधा. फ्रीज-एसीची कामं करणाऱ्यांकडे टॉर्च असते आणि हात हलका असतो. पितळ कमी तापमानाला वितळतं, ट्यूब जळत नाही. तीही घरी पोचण्यापुरती.

अजिंक्यतारा_पायथा

झाळेचं ठीक आहे. लक्षात ठेवतो. बाकी माझं मत तेच.

पाच_फूट

तुमचा वेल्डिंगचा वाद मिटला असेल तर मी बोलू का? वर एवढे प्रतिसाद झाले आणि बसणीवर धागाकर्त्याचा एक शब्द सोडला तर काही नाही.

माझी उंची पाच फूट. दुकानातल्या सगळ्यात लहान फ्रेमवरही वळताना पायाचा चवडा पुढच्या चाकाला लागायचा. कंपन्या काय करतात, तर 700 चंच चाक ठेवतात, हेड अँगल पाडतात आणि सीट अँगल उभा करतात. कागदावर टॉपट्यूब आखूड दिसते, रस्त्यावर हात तेवढेच ताणतात. ही दुखरी मान मी कित्येक वर्षं माझीच चूक समजत होते. दुकानातला माणूस सांगायचा, "मॅडम, सवय होईल."

मग बांधून घेतली. 700 पेक्षा लहान 650बी चाकं, 38 चे टायर, 160 मिमीचा क्रँक. चवडा लागत नाही, पाठ दुखत नाही. ट्यूब कुठली आहे ते मला बिल्डरच्या बिलावर बघावं लागेल. ज्यांना दुकानातली 54 किंवा 56 आयती बसते त्यांच्यासाठी कस्टम ही हौस असेल, माझ्यासाठी नाही. "भूमिती बिल्डर बघून घेईल" हे वाक्य म्हणूनच मला सगळ्यात जास्त लागलं. बिल्डरने तर मला आधी 700 चीच सुचवली होती, "सगळे तीच घेतात" म्हणून. स्टॅक आणि रीच (फ्रेमची उंची आणि पुढे हात किती ताणायचा याची मापं) मी स्वतः मोजून नेले नसते तर परत तीच मान.

हलकं_लोखंड

ताई, तुमच्या उंचीचा विचार मी लिहिताना केला नव्हता, हे कबूल. तेवढं वाक्य लेखातून काढतो. ट्यूबचं मात्र मागे घेत नाही.

पाच_फूट

माझ्या उंचीचा नाही हो, कुणाच्याच उंचीचा. तुमच्यासारख्या पाच फूट दहा इंचवाल्याचेही हात आखूड आणि पाय लांब असू शकतात.

खाडीकाठ_रत्नागिरी

आमच्याकडे या यादीत पहिला नंबर गंजाचा. खारं वारं आणि चार महिने पाऊस. वरून रंग कितीही चांगला असू दे, स्टील आतून सडतं. बिल्डरला सांगा, बॉटम ब्रॅकेटच्या तळाला पाणी जायला भोक ठेव. रंग झाला की ट्यूबच्या आत गंजरोधक फवारून घ्या. नाहीच मिळालं तर उकळलेलं जवसाचं तेल आतून फिरवा, जुने लोक तेच करायचे. आणि सीटपोस्टला ग्रीस लावल्याशिवाय घालू नका. अ‍ॅल्युमिनियमचा पोस्ट स्टीलमध्ये असा धरतो की शेवटी कापून काढावा लागतो.

आणखी एक. केबली हेडसेटमधून घातल्यात तर वरचं बेअरिंग बदलताना ब्रेकचा होज (तेलाची नळी) सोडवावा लागतो. इथे आधी बेअरिंग खराब होतं, मग पुण्याला जायचं.

चढण_उतार

होजचा मुद्दा बॉक्समध्ये सायकल भरतानाही छळतो. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या फ्रान्समधल्या लांब पल्ल्याच्या राइडला जाणाऱ्यांनी हँडल काढून बघावं म्हणजे कळेल. 1200 किलोमीटर 90 तासांत करायचे, त्याच्या आदल्या दिवशी हॉटेलच्या खोलीत ब्रेकचं तेल भरत बसायचं का?

हलकं_लोखंड

बरं, हेडसेटमधून केबली नकोत. तेवढं मान्य. टायरही 30 पर्यंत येतो, त्याच्या पुढे नाही. मडगार्डचे आटे मात्र लावणार नाही, माझ्या फ्रेमवर ते दिसले तर मी रंगच नाकारीन.

चढण_उतार

30 ची जागा म्हणजे मोजून 30 नको, दोन्ही बाजूंना चार-चार मिमी मोकळे सांगा. चाक थोडं जरी डगमगलं तरी चेनस्टेचा रंग घासतो. आटे नको तर नको, तुमची गाडी आहे. @पाच_फूट ताई, मोजमाप कसं केलंत ते वेगळ्या धाग्यात लिहाल का? माझ्या बायकोची फ्रेम पुढची आहे आणि बिल्डर तिलाही 700 च सुचवतोय.

पाच_फूट

लिहिते. तोवर त्याच्याकडून कागदावर चवड्यापासून चाकापर्यंतचं अंतर मागून घ्या, 160 आणि 165 अशा दोन्ही क्रँकसाठी. ते न देता पैसे भरू नका.