कन्व्हर्जन केलं म्हणजे पाटी लावता येते का?

जुना_विश्रामबाग
सातारा-सांगलीच्या मुलांच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरतेय: "बी.ई., बी.कॉम., काहीही झालेलं असू दे. ब्रिटनमध्ये एक वर्षाचं सायकॉलॉजी कन्व्हर्जन करा, परत या, सांगलीत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून पाटी लावा. एम.ए.त दोन वर्षं कशाला घालवता?" खाली अंगठ्यांचा पाऊस. उचलली जीभ लावली टाळ्याला.

ब्रिटनमधलं एम.एस्सी. कन्व्हर्जन हे तिथल्या बी.एस्सी. सायकॉलॉजीची भरपाई आहे. १८० क्रेडिटं, पूर्णवेळ केलं तर एक वर्ष. जैविक, बोधात्मक, विकासात्मक, सामाजिक, व्यक्तिभेद, संशोधनपद्धती, वर विषयाचा इतिहास आणि तत्त्वविचार, एवढं सगळं त्यात कोंबलेलं. शेवटी हातात येतं ते जीबीसी, म्हणजे सोसायटीच्या चार्टर्ड सभासदत्वाच्या वाटेवरची पहिली पात्रता, तेही कोर्सला ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीची मान्यता असेल तरच. विद्यापीठ नावाजलेलं आहे म्हणून कोर्स मान्यताप्राप्त असतोच असं नाही. एकाच विद्यापीठात सारख्या नावाचे दोन एम.एस्सी. असतात, एक मान्य, एक नाही.

जीबीसीवर पुढच्या प्रशिक्षणाला अर्ज करता येतो, रुग्ण बघता येत नाही. एचसीपीसीकडे (आरोग्य व्यावसायिकांची नोंद ठेवणारी तिथली संस्था) नोंदणी असल्याशिवाय तिकडेही नावापुढे 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' लावता येत नाही, आणि नोंदणीसाठी तीन वर्षांची डॉक्टरेट. त्या जागांचा खर्च एनएचएस, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, उचलते, त्यामुळे बहुतेक ठिकाणी होम फी स्टेटस, म्हणजे स्थानिकांच्या दराने फी भरायची पात्रता, मागतात. स्टुडंट व्हिसावरचा आपला पोरगा तिथेच अडकतो.

आणि इकडे? १९९२ चा भारतीय पुनर्वसन परिषद कायदा, कलम १३. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टांची नोंदणी या परिषदेकडे. तिच्या केंद्रीय नोंदवहीत नाव नसताना काम केलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातली व्याख्याही परिषदेच्या मान्यतेलाच बांधलेली. पर्यवेक्षणाखाली रुग्णांसोबत केलेलं काम त्यात लागतं, आणि कन्व्हर्जनमध्ये तेच नसतं.

कोयनाकाठ
साहेब, कायदा बरोबर, निशाणा चुकला. कन्व्हर्जन करणाऱ्या प्रत्येकाला रुग्णच बघायचेत असं कुणी सांगितलं? एचआर, शाळा, संशोधन, ॲप बनवणाऱ्या कंपन्यांत वापरकर्त्यांचा अभ्यास, ही कामं नाहीत का? त्यांना पुनर्वसन परिषद विचारते का?

आणि "एम.ए. करा" म्हणणं सोपंय. कुपवाडच्या नाहीतर साताऱ्याच्या एमआयडीसीत शिफ्ट करणाऱ्यानं शिवाजी विद्यापीठाचं रेग्युलर एम.ए. करायचं कधी? इतकी वर्षं त्याला इग्नूचा आधार होता. कुठलीही पदवी चालायची, ६४ क्रेडिटं, नोकरी सांभाळून. यूजीसीनं जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून सायकॉलॉजीचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश बंद केले. आधी प्रवेश घेतलेले पूर्ण करतील, नव्यांना दार बंद. घरातल्या बाईला, नोकरदाराला आता काय उरलं? ब्रिटनचं दोन वर्षांचं अर्धवेळ ऑनलाइन कन्व्हर्जन. त्यावरही तुम्ही फुली मारणार.

जुना_विश्रामबाग
फुली मारलेली नाही. पैसे भरायच्या आधी एवढंच करा: भारतात समकक्षता मिळेल का, हे लेखी विचारून घ्या. परदेशी पदव्यांच्या समकक्षतेचे यूजीसीचे नियम एप्रिल २०२५ मध्ये बदललेत. नेट द्यायची, प्राध्यापक व्हायचं, इथे पीएच.डी. करायची, तर तो कागद लागणारच. एजंटच्या "सर, होतं की" वर कर्ज काढू नका.

हळद_पेठ
तुम्ही ब्रिटनवर भांडा. इथे दहावीचा निकाल लागला की गल्लोगल्ली डीएमआयटीचे स्टॉल लागतात त्याचं काय? पोराच्या दहा बोटांचे ठसे घ्यायचे आणि 'याचा उजवा मेंदू सायन्सचा' म्हणून रंगीत रिपोर्ट काढून द्यायचा. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटातच ठरतात, त्यावरून बुद्धी मोजता येते याला काडीचा पुरावा नाही. रिपोर्ट देणाऱ्याचं शिक्षण? दोन दिवसांची कार्यशाळा. त्यांच्यावर कुणी धागा काढत नाही. एक वर्ष तरी शिकून येणाऱ्याच्या मागे मात्र सगळे.

जुना_विश्रामबाग
त्यावर वेगळा धागा काढा, सही करायला येतो. इथे फाटे फोडू नका.

गणिती_मिरज
मला एक कळत नाही, एवढा बाऊ कशाचा? थिअरी वाचून होते. संशोधनपद्धती बी.ई.वाल्याला कुणी शिकवायची गरज नाही. गुगल फॉर्म करायचा, ग्रुपवर टाकायचा, दीडशे उत्तरं आली की दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासणारी टी-टेस्ट लावायची. प्रबंध महिन्याभरात हातावेगळा.

माहुली_संगम
मिरजकर, नेमक्या याच महिन्याभराच्या प्रबंधात इंजिनिअर पोरं आपटतात. प्रत्यक्ष माहितीवर आधारलेला प्रबंध बहुतेक ठिकाणी १८० पैकी ६० क्रेडिटांचा असतो, आणि तो पास झाल्याशिवाय जीबीसी नाही. बाकीच्या विषयांतले मार्क तिथे कामाला येत नाहीत. तर तुमचा गुगल फॉर्म जरा उघडूनच बघू.

आधी आकडा. दोन गटांत, समजा मुली आणि मुलगे, मध्यम फरक शोधायचा (डी = ०.५), पॉवर म्हणजे असलेला फरक सापडण्याची शक्यता ०.८०, अल्फा म्हणजे नसलेला फरक दिसण्याची शक्यता ०.०५, फरक कुठल्याही बाजूला असला तरी पकडणारी दुहेरी चाचणी. जी-पॉवर हे फुकट सॉफ्टवेअर सांगतं: प्रत्येक गटात ६४. अर्धवट फॉर्म गळणार म्हणून ७५ धरा. तुम्ही म्हणाल, दीडशे झाले की. पण ग्रुपवर टाकलेल्या फॉर्मला मुली भरभरून उत्तर देतात, मुलं नाही. वीस फॉर्म बाद होऊन ११० मुली आणि २० मुलगे उरले, तर दोन्हीकडे जेमतेम ३४ असल्याइतकीच ताकद राहते. १३० माणसं गोळा केली आणि निम्मी वाया. कोटा ठरवून गोळा करायचं असतं, ग्रुपवर ढकलून द्यायचं नसतं.

मग मापनी. रोझेनबर्गची स्वाभिमान मापनी दहा वाक्यांची, त्यातली पाच उलटी (२, ५, ६, ८, ९). गुण उलटे करायचे राहिले की क्रॉनबाख अल्फा (मापनीतली वाक्यं एकमेकांशी किती जुळतात याचं माप, वरचा अल्फा वेगळा) कोसळतो, कधी उणे येतो. मग गडी म्हणतो, "मराठी लोकांवर मापनी चालत नाही." मापनी चालते हो, एक्सेलचा कॉलम उलटा करायचा राहिलाय. अल्फा ०.७० च्या खाली दिसला की आधी तिथे बघायचं.

आणि भाषांतर रात्रीत होत नाही. दोघांनी वेगवेगळं मराठीत करायचं, दोन्ही समोर ठेवून एक करायचं. मूळ न पाहिलेल्या तिसऱ्यानं ते पुन्हा इंग्रजीत न्यायचं. मग आठ-दहा माणसांसमोर बसून विचारायचं की या वाक्यातून तुम्हाला काय कळलं. "मला असं वाटत नाही की मी निरुपयोगी आहे" यावर 'असहमत' म्हणजे नक्की काय, हे माण तालुक्यातली आजीच काय, भाषांतर करणाराही दोनदा वाचून सांगेल. असा दुहेरी नकार तिथेच सापडतो, नंतर नाही.

गणिती_मिरज
एम.ए.वाल्यांनी प्रामाणिकपणा शिकवावा म्हणजे कमाल झाली. तुमची प्रॅक्टिकलची जर्नलं झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतात. म्युलर-लायरच्या दृष्टिभ्रमाच्या रेषा न बघता म्युलर-लायरचे निष्कर्ष लिहिणारे आम्हाला अल्फा शिकवणार?

माहुली_संगम
मिळतात, आणि लाज वाटण्यासारखंच आहे. रेव्हनच्या बुद्धिमत्ता चाचणीच्याही झेरॉक्स फिरतात. पाच संच, प्रत्येकात १२, एकूण ६० आकृत्या, कंपनीचा कॉपीराइट असताना. उत्तरं मुलांना आधीच माहीत, मग बुद्धी कशाची मोजणार? पण जर्नल विकत मिळतं म्हणून तुमचा फॉर्म बरोबर ठरत नाही. विषय बदलू नका.

आता जरा गंभीर. तुमच्यासारखे महाभाग हमखास पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली घेतात, कारण फुकट आहे, मराठीत आहे, परवानगी लागत नाही. नऊ प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांबद्दल, ० ते २७ गुण. नववा प्रश्न मरणाच्या, स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. फॉर्म निनावी. रात्री दोन वाजता कुणी तिथे 'जवळजवळ रोज' टिक केलं तर तुम्ही काय करणार? नाव नाही, नंबर नाही. नैतिक समिती पहिला प्रश्न हाच विचारते आणि बी.ई.चा महिन्याभराचा प्रबंध तिथेच दोन महिने पडून राहतो. शिवाय परीक्षेच्या पंधरवड्यात गोळा केलंत तर गुण परीक्षेचे, नैराश्याचे नव्हेत.

कोयनाकाठ
बाई, हे सगळं कबूल. पण यानं सिद्ध काय होतं? कन्व्हर्जनमध्ये हे शिकवतात, समिती अडवते, प्रबंध नापास करते. म्हणजे कोर्स कडक आहे. तुम्ही तर माझीच बाजू मांडलीत, आभारी आहे.

माहुली_संगम
कोर्स हलका आहे असं मी कुठे म्हटलं? मूळ पोस्टवाला म्हणतोय. भांडण त्याच्याशी करा.

हळद_पेठ
दहा बोटांच्या ठशाला अल्फा किती येतो हो? सहज विचारतोय.

जुना_विश्रामबाग
धागा पाटीवरून निघाला, झेरॉक्सच्या दुकानात पोचला. कोयनाकाठ, पैशाचं तरी बोला. पोस्टमध्ये फी सोडून दुसरा खर्चच नाही.

कोयनाकाठ
बोलतो. आपल्या मुलांना फी ब्रिटिश मुलांपेक्षा बरीच जास्त. व्हिसाच्या अर्जाबरोबर आरोग्य अधिभार: विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पौंड, पण एक वर्षाच्या मास्टर्सचा व्हिसा कोर्सनंतरचे महिने धरून येतो, म्हणून भरावे लागतात ११६४. बरेच जण ७७६ धरून बसतात आणि शेवटच्या दिवशी कार्ड नाकारलं जातं. राहण्याच्या खर्चाची रक्कम नऊ महिन्यांची दाखवायची, आणि ती सलग २८ दिवस खात्यात हवी. एक दिवस जरी रक्कम खाली गेली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. उसाचं बिल जमा झालं म्हणून लगेच अर्ज टाकू नका, २८ दिवस थांबा. आणि त्यातून मध्येच सोसायटीचा हप्ता कापला जात नाही ना, ते बघा. बँकेच्या शैक्षणिक कर्जाच्या पत्राला मात्र ही २८ दिवसांची अट नाही. बायको-मुलांना सोबत न्यायचं डोक्यात असेल तर काढून टाका, संशोधनाच्या नव्हे, वर्गात शिकवल्या जाणाऱ्या मास्टर्सला जानेवारी २०२४ पासून ते बंद आहे.

जुना_विश्रामबाग
हे लिहिलंत ते उत्तम. आता हेही मान्य करा, की एवढा खर्च करून इथे येऊन 'क्लिनिकल'ची पाटी लावता येत नाही.

कोयनाकाठ
लावता येत नाही. झालं समाधान? पण ज्यांना लावायची आहे त्यांना तुमच्याकडे तरी काय उत्तर आहे? एम.फिल.ला फक्त २०२५-२६ पर्यंत मुदतवाढ मिळाली होती. सांगली-साताऱ्याच्या पोरानं आता जायचं कुठे?

जुना_विश्रामबाग
परिषदेनं नवे अभ्यासक्रम आणलेत: चार वर्षांचं बी.एस्सी. क्लिनिकल, दोन वर्षांचं एम.ए. क्लिनिकल, आणि साय.डी. ही डॉक्टरेट. जागा तुटपुंज्या, हे खरं. कॉलेजच्या जाहिरातीवर जाऊ नका. परिषदेच्या संकेतस्थळावर संस्थेचं नाव, अभ्यासक्रम आणि मान्यता कुठल्या वर्षापर्यंत, हे तिन्ही जुळतंय का बघा. मान्यता वर्षं ठरवून मिळते, संपलेली असली तरी फलक तसाच लटकत असतो.

गणिती_मिरज
माहुली, नववा प्रश्न काढून टाकला तर समिती सोडते का? वाद घालत नाहीये, विचारतोय.

माहुली_संगम
त्याला पीएचक्यू-८ म्हणतात, वेगळं प्रमाणित आहे. बेरीज २४ पैकी, नैराश्याची शक्यता दाखवणारी १० ची सीमा तीच राहते. तरी शेवटच्या पानावर टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ टाका, आणि तो 'सबमिट' दाबायच्या आधी दिसला पाहिजे, नंतर नाही. बरेच लोक 'सबमिट' दाबतच नाहीत.