फोनवरची मुलाखत: तुम्ही तयारी कशी केली होती?

पोवईनाका
आज भाचीची फोनवर मुलाखत होती. सकाळपासून टीव्ही बंद, आजीसुद्धा कुजबुजत बोलत होती. ते बघून माझी 2006 ची मुलाखत आठवली. साताऱ्यात तेव्हा लोडशेडिंग जोरात. लाईट गेली की मोबाईलची रेंज जायची, म्हणून घरचा 02162 चा नंबर दिला होता. तेव्हा लँडलाईनला करंट एक्स्चेंजमधून यायचा, घरात अंधार असला तरी फोन चालू. बाबांनी लांब वायर जोडून फोन आतल्या खोलीत आणला. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर मुद्दे लिहून भिंतीला चिकटवले, वाचायला कंदील. सगळ्यात वर बाबांच्या अक्षरात, "सावकाश बोल." नोकरी मिळाली. तुमचं सांगा.

कुपवाडकर
उभं राहून बोलायचं, आवाज मोकळा येतो. मी गच्चीवर होतो. उसाचा सीझन, खालून ट्रॅक्टर स्पीकर लावून चाललेला. साहेबांनी विचारलं कसला आवाज, म्हटलं कारखान्याला ऊस चाललाय. ते निपाणीकडचे निघाले! पुढं उसाच्या दरावरच गप्पा 😄

वाईची_लेक
पलीकडून आवाज आला नाही की आपण घाबरून नको ते बोलत सुटतो. समोरचा लिहून घेत असतो फक्त. उत्तर संपलं की गप्प बसायचं. माझी ताई रोज वरच्या खोलीतून फोन लावून प्रश्न विचारायची. समोर बसली असती तर मी तिच्या चेहऱ्यावरून अंदाज घेतला असता ना.

हरिपूर_रोड
ऑगस्ट 2019. सांगलीत महापूर, आयर्विन पुलाला पाणी 57 फुटांवर, आम्ही मिरजेला मावशीकडे. सर्टिफिकेटं माळ्यावर टाकून निघालेलो. तारखा, मार्क सगळं आठवून वहीत लिहून काढलं, ती वही मांडीवर. फोन आल्यावर मॅडमनी आधी विचारलं, घरचे सुखरूप आहेत ना? रडूच आलं मला. त्यांनी स्वतःहून पुढची तारीख दिली. अजून त्यांना दिवाळीला मेसेज करते.

पोवईनाका
@हरिपूर_रोड गलबलून आलं गं. घराचं काय झालं?

हरिपूर_रोड
खालचा मजला गेला ताई. माळ्यावरचं वाचलं सगळं.

मिरज_जंक्शन
कॉल वेटिंग बंद करा आधी. #43# डायल करायचं, झाल्यावर *43# ने परत चालू. माझ्या बोलण्यात सारखं टूं टूं, मामा विचारत होता झाली का मुलाखत 😂

वाईची_लेक
मामा लोक सगळीकडे सारखेच 😂 पेढे कधी मग ताई?

पोवईनाका
निकाल लागू दे, कंदी पेढे नक्की.

कुपवाडकर
पेढे तुमचे, भडंग आमच्याकडून.

वाईची_लेक
कमी तिखट मिळतं का हो? पोरं खात नाहीत.

कुपवाडकर
मिळतं की. पण मग ते भडंग कसलं!

कोरेगाव_आई
सगळं वाचलं नाही, कणीक मळतेय. भाचीला काय काय विचारलं ते लिहा ना, मुलाची सोमवारी आहे.

पोवईनाका
आत्ताची नोकरी का सोडताय, नोटीस पीरियड किती, पगाराची अपेक्षा काय. पगाराचा आकडा कागदावर लिहून समोर ठेवायला सांगा त्याला. ऐनवेळी संकोचानं तोंडातून कमीच निघतो. आणि मुलाखत घेणाऱ्याचं नाव सुरुवातीलाच लिहून घ्यायचं, शेवटी नाव घेऊन आभार मानता येतात.