स्टीमवर आणा, पण गेम थोडा वाढवून

भावांनो, तुमचा कोल्हापूरच्या कुस्तीवरचा गेम स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात, आणावा का असं तुम्ही विचारलंय. त्यावर ‘स्टीम ३० टक्के कापतं, त्यापेक्षा स्वतःच्या साइटवर विका’ असं वर एकांनी लिहिलंय. हिशेब बरोबर आहे, पण त्या साइटवर येणार कोण? राजारामपुरीतले चार मित्र, आणि तेही फुकटच मागणार! खासबागेतली कुस्ती पोलंड-ब्राझीलच्या गड्यांना दिसायची तर स्टीमच पाहिजे. तिथं गेम टाकायची फी १०० डॉलर, तीही विक्री १००० डॉलरवर गेली की परत मिळते.

माझी काळजी वेगळीच आहे. तुमचा गेम दीड तासात संपतो म्हणता. स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांत, दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. म्हणजे एखादा पठ्ठ्या अख्खा गेम संपवून पैसे माघारी घेणार. आधी आणखी डाव घाला, तालमीचा मोड घाला, काहीतरी करा.

तोवर डेमो इच डॉट आयओवर, म्हणजे छोट्या गेमवाल्यांच्या साइटवर, टाका. तिथं त्यांचा वाटा किती ते आपणच ठरवतो. स्टीमवरचं ‘लवकरच येत आहे’ पान मात्र आत्ताच उघडा. रिलीजआधी ते किमान दोन आठवडे उघडं ठेवायचा नियम असला तरी तेवढ्यात विशलिस्ट (‘नंतर घेऊ’ म्हणून गेम जपून ठेवायची लोकांची यादी) भरत नाही. आणि डिसेंबरच्या विंटर सेलमध्ये रिलीज नको. मोठमोठे गेम निम्म्या किमतीत असताना आपल्याकडं कोण बघतंय!