रेनेसाँसमधले संवाद: खरी चर्चा की नुसती पळवाट?

खिडकीतला:
रेनेसाँसमधले (युरोपातला प्रबोधनकाळ) विचारवंत ऊठसूट संवादच, म्हणजे पात्रांच्या बोलण्यातून मांडलेली पुस्तकंच, का लिहायचे यावरून काल मित्राशी वाजलं. तो म्हणतो मोकळी चर्चा वगैरे, मला ही सरळ पळवाट वाटते. धोक्याचं मत पात्राच्या तोंडी घालायचं आणि जाब विचारला की "मी कुठे, तो म्हणाला". थॉमस मोरचं युटोपिया (१५१६) घ्या, खासगी मालमत्ताच नको असं म्हणतो कोण तर हिथ्लोडे नावाचं पात्र, ज्याच्या आडनावाचा ग्रीक अर्थच बाता मारणारा असा काहीसा निघतो, आणि पुस्तकातला मोर शेवटी म्हणतो की मला बऱ्याच गोष्टी पटल्या नाहीत. सोयीस्कर!

रात्रपाळी:
पळवाट असती तर गॅलिलिओ सुटला असता की राव. पृथ्वी फिरते की सूर्य यावरच्या त्याच्या १६३२ च्या पुस्तकात तीन पात्रं चार दिवस बोलतात, आणि पोपचा आवडता मुद्दा (देव सर्वशक्तिमान, कुठल्याही मार्गाने जग चालवेल, मग पृथ्वीच फिरते असं ठासून कसं सांगणार) टाकला त्यातल्या सिम्प्लिचिओच्या तोंडी, जो पुस्तकभर मार खातो. १६३३ ला खटला, पुढे मरेपर्यंत नजरकैद.

खिडकीतला:
पळवाट फसली म्हणजे ती पळवाट नव्हतीच असं थोडंच आहे 😀

जुनी_वही:
तुम्ही दोघं फार उशिरापासून सुरू करताय. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचा फ्लॉरेन्सचा विद्वान लिओनार्दो ब्रुनी घ्या. त्याच्या संवादात निक्कोली हे पात्र पहिल्या दिवशी दांते, पेत्रार्क, बोकाच्चो या तिन्ही थोर इटालियन लेखकांना झोडपतं, दुसऱ्या दिवशी त्याच तिघांचं गुणगान, वर म्हणतं काल तुम्हाला बोलतं करायला तसं बोललो. खरं मत कुठलं यावर अभ्यासक अजून भांडतात. यात कसली भीती? दांतेला नावं ठेवली म्हणून फ्लॉरेन्समध्ये कोणी जाळत नव्हतं. हे प्राचीन रोमच्या सिसेरोकडून आलेलं वळण, दोन्ही बाजू मांडा आणि वाचकाला डोकं खाजवू द्या.

खिडकीतला:
ब्रुनी मान्य. पण मोकळी चर्चा म्हणता तर कास्तिल्योनेचं 'दरबारी' (१५२८) हे पुस्तक बघा, इटलीतल्या उर्बिनोच्या महालात डचेस एलिझाबेत्ता मुख्य जागी बसलेली, आणि बायकांची योग्यता काय यावर तासन् तास भांडतात पुरुष.

वाटसरू:
अवांतर, फुल्यांची गुलामगिरी (१८७३) पण संवादच आहे, धोंडीबा विचारतो आणि उत्तरं देतो जोतीराव, स्वतःच्या नावाने. तिथे मुखवटा कुठाय?

खिडकीतला:
नाहीये. पण मग ती चर्चा तरी कुठे, धोंडीबा शेवटी पटवूनच घेतो ना सगळं?