पोर्टेबल सॉफ्टवेअरला स्वतःहून अपडेट होऊ द्यावं का?

मदत हवी आहे. पेनड्राइव्हवर व्हीएलसी (व्हिडिओ प्लेअर), फायरफॉक्स (ब्राउझर) वगैरे पोर्टेबल, म्हणजे संगणकावर इन्स्टॉल न करता थेट चालणारी सॉफ्टवेअर ठेवली आहेत. व्हीएलसीच्या अपडेटला 'हो' म्हटलं की ते नेहमीचा इन्स्टॉलर उतरवतं, आणि तो थेट संगणकाच्या 'प्रोग्रॅम फाइल्स' फोल्डरात जाऊन बसतो. पेनड्राइव्हवरची प्रत जुनी ती जुनीच! मग कसलं पोर्टेबल? ब्राउझरचं अपडेट मात्र टाळवत नाही, सुरक्षेच्या त्रुटी त्यातूनच बुजतात.

सध्या विचार असा आहे की आतलं ऑटो-अपडेट बंद ठेवून पोर्टेबलॲप्सच्या (अशी सॉफ्टवेअर एकत्र सांभाळणारा प्रोग्रॅम) मेन्यूतूनच अपडेट करायचं. त्यात 'डेटा' फोल्डरमधल्या सेटिंग्ज शाबूत राहतात. पण त्या मेन्यूत नसलेल्या, नुसती झिप उलगडून वापरायच्या सॉफ्टवेअरचं काय? जुन्यावरच नव्या फाइल्स टाकता की वेगळ्या फोल्डरात उलगडून फक्त सेटिंग्जची आयएनआय फाइल हलवता?